हबल दुर्बिणीचा सदोष आरसा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पृथ्वीवरून आकाशाचा वेध घेणाऱ्या दुर्बिणीला आरशाचा आकार वाढवून अधिक प्रकाश गोळा करता येतो, पण त्या प्रमाणात तपशील मिळेलच असे नाही. हवेचे थर सतत हलत असल्याने ताऱ्याची प्रतिमा थरथरते व पसरते आणि अतिनील किरणांचा बहुतांश भाग तर वातावरणातच शोषला जातो. दुर्बीण वातावरणाच्या वर नेऊन ठेवली, तर या दोन्ही अडचणी एकदम दूर होतील, हा विचार लायमन स्पिट्झर यांनी १९४६ मध्येच मांडला होता. तो प्रत्यक्षात येण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला. अमेरिकी काँग्रेसने १९७७ मध्ये निधी मंजूर केला, युरोपीय अवकाश संस्था नासाची भागीदार झाली आणि २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा असलेली हबल अवकाश दुर्बीण आकाराला येऊ लागली.

या दुर्बिणीकडून ठेवलेल्या अपेक्षा मोघम नव्हत्या. विश्व किती वेगाने प्रसरण पावत आहे हे सांगणाऱ्या हबल स्थिरांकाचे मूल्य (मेगापार्सेकमागे, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे अंतरामागे, सेकंदाला किलोमीटर या एककात) त्या काळी कोणी ५० च्या आसपास मानत असे, तर कोणी १०० च्या आसपास, आणि या दुपटीच्या फरकामुळे विश्वाचे वयही तितकेच अनिश्चित राहत होते. दूरच्या दीर्घिकांतील सेफीड चलतारे सुटे-सुटे पाहता आले, तर त्यांच्या तेजाच्या आवर्तनावरून त्या दीर्घिकांचे अंतर काढता येते आणि हा वाद आटोक्यात आणता येतो. त्यासाठी ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश ०.१ कोनीय सेकंद (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) त्रिज्येच्या वर्तुळात एकवटणे अपेक्षित होते. पुढे जे घडले ते समजून घेताना हा आकडा लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे.

प्रस्तुत लेखनात हबलच्या मुख्य आरशातील दोष कसा निर्माण झाला, तो का निसटला, आणि तो दूर करताना कोणते पर्याय तोलले गेले, याची मांडणी केली आहे. चुकीशी आणि दुरुस्तीशी थेट संबंध असलेल्या व्यक्तींची व कंत्राटदार कंपनीची नावे दिलेली नाहीत. त्यांच्या भूमिका सांगणे पुरेसे आहे.

आरसा कसा घडवला आणि कसा तपासला

आरशाचे काम अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या एका नामांकित प्रकाशीय कंपनीकडे होते. पृष्ठभागाची वक्रता हायपरबोला प्रकारची ठेवायची होती आणि ठरलेल्या आकारापासूनची सरासरी तफावत दहा-बारा नॅनोमीटरच्या आत राखायची होती. इतक्या काटेकोर कामात घासणे आणि मोजणे ही दोन वेगळी कामे राहत नाहीत. संगणकाच्या नियंत्रणाखाली थोडे घासायचे, मोजायचे, मोजमापात जिथे उंचवटा दिसेल तिथे पुन्हा घासायचे, असे चक्र महिनोन्‌महिने चालते. त्यामुळे मोजणारे साधन जे बरोबर म्हणेल तोच आकार शेवटी आरशाला येतो.

हे साधन म्हणजे नल करेक्टर. त्याचे तत्त्व असे की प्रकाशाच्या लहरींना आदर्श आरशाच्या आकाराशी तंतोतंत जुळणारे वळण देऊन त्या आरशावर सोडायच्या. आरसा बिनचूक असेल, तर परत आलेल्या प्रकाशातून सरळ, समान अंतराचे व्यतिकरण पट्टे (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटणारे उजेड-अंधाराचे पट्टे) दिसतात आणि आरशात कोठे दोष असेल, तर तिथे पट्टे वाकतात. नेहमीचा नल करेक्टर भिंगांचा असतो. हबलसाठी मात्र कंपनीने दोन आरसे व एक छोटे भिंग वापरून नवा, अधिक अचूक नल करेक्टर तयार केला. त्याची रचना खरोखरच उत्तम होती. अडचण आली ती जुळणीत.

भिंग आणि आरसा यांच्यातील अंतर ठरवण्यासाठी एक धातूची मापनकांडी वापरली होती. तिच्या टोकावर एक टोपी होती आणि टोपीला मधोमध बारीक छिद्र होते. लेसरचा किरण त्या छिद्रातून आत जाऊन कांडीच्या टोकावरून परतावा आणि टोपीवरून परतू नये, म्हणून टोपीला प्रकाश न परावर्तित करणारा रंग दिला होता. छिद्राजवळ या रंगाचा एक टवका उडाला होता. किरण कांडीऐवजी टोपीच्याच उघड्या धातूवरून परतला आणि भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवले गेले. भिंग त्या जागी नेण्यास मूळ आराखड्यातील समायोजनाची जागा पुरेना, तेव्हा तंत्रज्ञांनी चकत्या घालून ते सरकवले. काळजीपूर्वक आखलेल्या उपकरणात भिंग ठरल्या जागी बसत नाही, ही गोष्ट स्वतःच एक इशारा होती, पण तिची रीतसर नोंद होऊन वरिष्ठांपर्यंत चर्चा गेली नाही.

पहिला निर्णयाचा टप्पा: कोणत्या साधनावर विश्वास ठेवायचा

चूक कोणालाच दिसली नाही, असा या प्रकरणाविषयीचा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. चूक निदान तीनदा दिसली होती. प्राथमिक घासकामाच्या वेळी भिंगांच्या नल करेक्टरने आरशात गोलीय विपथन, म्हणजे मध्याकडचा व कडेकडचा प्रकाश एकाच बिंदूत न एकवटण्याचा दोष, दाखवले होते. नव्या नल करेक्टरची जुळणी तपासण्यासाठी केलेल्या सहायक उपकरणातही पट्टे वाकडे दिसले होते. १९८१ मध्ये काम संपताना वक्रतेची त्रिज्या मोजण्यासाठी पुन्हा भिंगांचा नल करेक्टर वापरला, तेव्हाही तोच दोष समोर आला.

तिन्ही वेळा एकच युक्तिवाद झाला, तो म्हणजे नवे साधन अधिक अचूक असल्याने जुनी साधने सांगतात तो दोष त्या साधनांचाच असणार. हा युक्तिवाद वरवर निर्दोष वाटतो. मात्र अचूकता (किती बारीक फरक मोजता येतो) आणि यथार्थता (मोजलेले खरे आहे का) यांतील फरक त्यात पुसला गेला. भिंगांचे साधन दहा नॅनोमीटरचा फरक सांगण्यास असमर्थ होते हे खरे, पण त्याने दाखवलेला दोष त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी मोठा होता. कमी अचूक साधनाने मोठा दोष दाखवला, तर त्याची कमी अचूकता हे तो दोष नाकारण्याचे कारण ठरू शकत नाही.

वेळापत्रक मागे पडले होते, खर्च वाढला होता आणि प्रकाशीय कामातील तज्ज्ञांचे बाहेरून परीक्षण जवळजवळ नव्हते. नासाचे लक्ष त्या काळात आरशाच्या गुळगुळीतपणावर आणि दुर्बीण स्थिर रोखून धरणाऱ्या यंत्रणेवर अधिक होते. परिणामी आरसा अत्यंत गुळगुळीत तयार झाला, परंतु कडेला ठरल्यापेक्षा सुमारे २ मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतका, अधिक सपाट राहिला.

दुसरा टप्पा: प्रतीक्षेची चार वर्षे

संपूर्ण दुर्बीण जोडल्यावर मुख्य व दुय्यम आरशांची एकत्र प्रकाशीय चाचणी घेण्याचा पर्याय खर्चाच्या कारणाने बाजूला ठेवण्यात आला होता. पूर्ण अचूकतेची अशी चाचणी महाग पडली असती, हे मान्य करावे लागते. पण हा दोष पकडण्यासाठी पूर्ण अचूकतेची गरजच नव्हती. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील दुर्बीण-निर्मिती कार्यशाळांमध्ये हौशी मंडळी आपला घरगुती आरसा फूकोच्या नाइफ-एज चाचणीने, म्हणजे परतणाऱ्या प्रकाशात धारदार पाते आडवे आणून पडणाऱ्या सावलीवरून, तपासतात. त्याच जातीच्या साध्या चाचणीलाही एवढे विपथन दिसू शकले असते.

त्यासाठी वेळही होता. प्रक्षेपण १९८६ च्या शरदात व्हायचे होते, परंतु त्या वर्षी जानेवारीत चॅलेंजर यानाचा अपघात झाला आणि अवकाशयानांची उड्डाणे थांबली. दुर्बीण कॅलिफोर्नियात स्वच्छ खोलीत चार वर्षे राहिली. या काळात तिच्या इतर अनेक भागांची तपासणी व सुधारणा झाली, पण आरशाच्या आकाराचा प्रश्न पुन्हा उघडला गेला नाही, कारण तो कोणाच्याही यादीत शिल्लक प्रश्न म्हणून नोंदलेलाच नव्हता. माझ्या मते सर्वांत महाग पडलेली चूक टोपीवरचा टवका नसून ही आहे.

दोष कसा उघड झाला

२४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी यानाने दुर्बीण अवकाशात नेली. २० मे रोजी पहिले छायाचित्र आले आणि ते जमिनीवरील दुर्बिणीच्या छायाचित्रापेक्षा बरे होते, त्यामुळे सुरुवातीस समाधान व्यक्त झाले. पुढील काही आठवडे अभियंते दुय्यम आरसा पुढे-मागे करून नेमका फोकस शोधत राहिले, पण तो सापडेना. ताऱ्याभोवती प्रकाशाचे वलय राहतच होते. गोलीय विपथनात आरशाच्या मध्याकडून आलेला प्रकाश एका ठिकाणी आणि कडेकडून आलेला दुसऱ्या ठिकाणी एकवटतो, त्यामुळे सर्व प्रकाशासाठी बरोबर असा एक फोकस अस्तित्वातच नसतो. २७ जून रोजी नासाने दोष जाहीर केला. ७० टक्क्यांऐवजी जेमतेम १५ टक्के प्रकाश त्या इच्छित वर्तुळात पडत होता.

दुर्बीण निकामी झाली होती असे मात्र नाही. तेजस्वी वस्तूंच्या बाबतीत संगणकाने प्रतिमा सुधारून घेता येत होती. १९८७ च्या अतिनवताऱ्याभोवतीचे कडे, प्लूटो व त्याचा उपग्रह कॅरन, शनीवरील मोठे पांढरे वादळ यांची उपयुक्त निरीक्षणे दोषासह झाली. मात्र अंधूक वस्तूंच्या बाबतीत गणिताची मात्रा चालत नव्हती. पसरलेला प्रकाश पार्श्वभूमीत मिसळून गेला, की तो कोणत्याही सूत्राने परत मिळत नाही. दूरचे सेफीड नेमके याच गटात मोडत होते, म्हणजे दुर्बीण ज्यासाठी पाठवली तेच काम अडले होते.

चौकशी मंडळाला एक अनपेक्षित सोय झाली. तो नल करेक्टर कंपनीत जवळजवळ दहा वर्षे जसाच्या तसा जपून ठेवलेला होता. त्यातील भिंगाचे स्थान पुन्हा मोजले, तेव्हा १.३ मिलिमीटरची तफावत हाती लागली आणि तिच्यावरून गणिताने निघणारा आरशाचा आकार प्रत्यक्ष ताऱ्यांच्या प्रतिमांवरून काढलेल्या आकाराशी जुळला. नोव्हेंबर १९९० च्या अहवालात कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रणाबरोबरच नासाच्या देखरेखीवरही स्पष्ट ठपका ठेवण्यात आला. पुढे १९९३ मध्ये ती कंपनी आणि तिची उत्तराधिकारी कंपनी यांनी मिळून तडजोड म्हणून सरकारला अडीच कोटी डॉलरची भरपाई देण्याचे मान्य केले.

विचारात घेतलेले पर्याय

दुर्बीण यानातून परत आणून आरसा बदलावा, हा पर्याय तर्कशुद्ध होता. दुसऱ्या कंपनीने बनवलेला राखीव आरसा जमिनीवर उपलब्धही होता. पण उतरताना प्रदूषण व धक्क्यांचा धोका, दोन उड्डाणांचा खर्च आणि एकदा खाली आलेली दुर्बीण राजकीय वातावरण पाहता पुन्हा वर जाईल की नाही, ही शंका, यांमुळे तो मागे पडला. कक्षेतच मुख्य आरसा बदलणे अशक्य होते. आरशामागे आकारात किंचित फेरफार करण्यासाठी यांत्रिक दट्टे बसवलेले होते, पण त्यांची ताकद या दोषाच्या मानाने फारच अपुरी होती. दुय्यम आरसा बदलण्यासाठी किंवा नळीच्या तोंडाशी दुरुस्तीची काच बसवण्यासाठी अंतराळवीरांना दुर्बिणीच्या अंतर्भागात काम करावे लागले असते, आणि एखादे हत्यार मुख्य आरशावर आदळले तर उरलेसुरलेही गेले असते. काहीच न करता संगणकीय सुधारणेवर भागवणे, हाही एक पर्याय होता. तो स्वस्त होता, पण वर सांगितलेल्या कारणाने मुख्य उद्दिष्टे सोडून देण्यासारखाच होता.

उरला एकच मार्ग. आरसा तसाच ठेवायचा आणि त्याच्याकडून आलेला बिघडलेला प्रकाश प्रत्येक उपकरणात शिरण्यापूर्वी उलट प्रमाणात वाकवायचा, म्हणजेच दुर्बिणीला चष्मा लावायचा. तो शक्य झाला, कारण आरसा चुकीच्या आकाराचा असला तरी त्या चुकीच्या आकारात कमालीचा गुळगुळीत आणि नियमित होता. ओबडधोबड आरशाला चष्म्याचा क्रमांक काढता आला नसता.

घेतलेले निर्णय

मुख्य कॅमेऱ्यासाठी तोडगा सोपा होता. त्याची सुधारित आवृत्ती आधीपासूनच तयार होत होती. तिच्या आतील लहान आरशांना मुख्य आरशाच्या दोषाच्या विरुद्ध आकार देण्याचे ठरले. मात्र हे आरसे अतिशय नेमके जुळणे आवश्यक असल्याने आणि खर्च मर्यादित असल्याने, जुन्या कॅमेऱ्यातील आठ संवेदकांऐवजी नव्यात चारच ठेवण्यात आले.

उर्वरित तीन उपकरणांचा प्रश्न अवघड होता, कारण त्यांत मागाहून काही बसवण्याची सोय नव्हती. येथे एका अभियंत्याची कल्पना उपयोगी पडली. जर्मनीत बैठकीसाठी गेले असता हॉटेलच्या न्हाणीघरातील वर-खाली सरकणारा व वळणारा शॉवर पाहून त्यांना सुचले, की छोटे आरसे अशाच घडीच्या दांड्यांवर बसवून दुर्बिणीच्या आत गेल्यावर योग्य जागी उलगडता येतील. त्यातून कोस्टार हे उपकरण जन्माला आले आणि त्यात दहा लहान आरसे होते. ते ठेवायला जागा हवी, म्हणून जलद प्रकाशमापक हे बिनचूक चालणारे उपकरण काढून टाकण्याचा निर्णय घेण्यात आला. ज्या विद्यापीठीय गटाने ते वर्षानुवर्षे खपून बनवले होते, त्याच्यावर हा अन्यायच होता. तीन उपकरणे वाचवण्यासाठी एकाचा बळी, हे गणित टाळता येण्यासारखे नव्हते, तरी ती किंमत अशा प्रकरणांच्या वर्णनातून सहसा गळून जाते.

या वेळी तपासणीची पद्धतही बदलली. दोषाचे माप ताऱ्यांच्या प्रतिमा आणि जपून ठेवलेला नल करेक्टर अशा दोन स्वतंत्र मार्गांनी निश्चित केल्यावरच आरशांचे आकार ठरवले गेले आणि तयार उपकरणे वेगवेगळ्या चाचणी साधनांवर पारखली गेली.

दुरुस्ती मोहीम

२ डिसेंबर १९९३ रोजी एंडेव्हर यान निघाले. अंतराळवीरांच्या दोन जोड्यांनी पाळीपाळीने पाच स्पेसवॉक करून एकूण साडेपस्तीस तासांच्या आसपास काम केले. वीज पुरवणाऱ्या सौरपट्ट्यांची अडचण वेगळीच होती. दुर्बीण दर प्रदक्षिणेत उन्हातून सावलीत जाताना तापमानबदलाने पट्टे वाकत आणि सगळी दुर्बीण हादरत असे, म्हणून तेही बदलण्यात आले. वाकलेला एक सौरपट्टा गुंडाळता न आल्याने अवकाशातच सोडून द्यावा लागला. दुर्बीण स्थिर ठेवण्यास मदत करणारे जायरोस्कोप बदलल्यावर त्या कप्प्याची दारे नीट बंद होईनात, तेव्हा आवळपट्टी लावून ती जवळ ओढून बंद करावी लागली. कॅमेरा तिसऱ्या आणि कोस्टार चौथ्या स्पेसवॉकमध्ये बसवला गेला.

हे सर्व शक्य झाले, ते मूळ आराखड्यातील एका जुन्या निर्णयामुळे. उपकरणे खणासारखी बाहेर काढता येतील आणि अंतराळवीरांना धरायला मुठी असतील, अशी व्यवस्था हबलमध्ये आरंभापासून होती. ती अर्थात आरशाच्या चुकीसाठी केलेली नव्हती.

परिणाम

१३ जानेवारी १९९४ रोजी दुरुस्ती यशस्वी झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याच वर्षी कन्या दीर्घिकासमूहातील एम १०० या दीर्घिकेत सेफीड तारे सुटे दिसले आणि तिचे अंतर सुमारे ५ कोटी ६० लाख प्रकाशवर्षे निघाले. सेफीड ताऱ्यांवरून अंतरे मोजण्याचे हे काम २००१ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा हबल स्थिरांक मेगापार्सेकमागे सेकंदाला ७२ किलोमीटर आला आणि अनिश्चितता सुमारे ८ किलोमीटरवर आली. ५० की १०० हा वाद तिथे संपला. आज या मूल्यावरून जो मतभेद आहे तो काही टक्क्यांचा आहे.

एम ८७ दीर्घिकेच्या गाभ्यात वायूची तबकडी सेकंदाला पाचशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरताना आढळली. इतक्या लहान जागेत इतके वस्तुमान म्हणजे महाकाय कृष्णविवर, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली कृष्णविवराच्या छायेची पहिली प्रतिमा याच दीर्घिकेची आहे. हे वेगमापन करणारा वर्णपटलेखक, म्हणजे प्रकाशाचे रंगांत विभाजन करून नोंदवणारे उपकरण, कोस्टारच्या आरशांमधूनच पाहत होता. डिसेंबर १९९५ मध्ये सप्तर्षी तारकासमूहातील, वरवर रिकाम्या वाटणाऱ्या एका चिमुकल्या तुकड्यावर सलग दहा दिवस दुर्बीण रोखण्यात आली आणि तेथे सुमारे ३,००० दीर्घिका दिसल्या. त्यांतील बहुतेक इतक्या अंधूक होत्या, की विपथन कायम असते तर त्या पार्श्वभूमीत विरून गेल्या असत्या.

त्यानंतर बसवलेल्या प्रत्येक नव्या उपकरणात दुरुस्ती अंगभूतच ठेवली गेल्याने कोस्टारची गरज हळूहळू संपली. मे २००९ मधील मोहिमेत ते काढून त्या जागी नवा वर्णपटलेखक बसवण्यात आला.

वेगळे काय करता आले असते

रंगाचा टवका उडणे टाळता आले असते का, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. अशा बारीकसारीक गोष्टी कोणत्याही कार्यशाळेत घडतात. भिंगाखाली चकत्या घालाव्या लागल्या, तेव्हा काम थांबवून कारण शोधण्याचा अधिकार तंत्रज्ञाला असायला हवा होता. दोन साधने परस्परविरोधी सांगत असताना कोणते श्रेष्ठ हे ठरवण्याऐवजी तिसरे, वेगळ्या तत्त्वावरचे साधन आणायला हवे होते. हबलच्या आरशासाठी मागवलेल्या दुसऱ्या प्रस्तावात दोन कंपन्यांनी एकमेकींचे काम तपासण्याची तरतूद होती. तो प्रस्ताव नाकारताना त्या तरतुदीची किंमत मोजली गेली, उपयुक्तता मोजली गेली नाही.

जेम्स वेब दुर्बिणीच्या वेळी परिस्थिती अधिक कठीण होती. ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर जाणार असल्याने तिथे अंतराळवीर पाठवण्याची शक्यताच नव्हती. तिचा ६.५ मीटरचा आरसा १८ तुकड्यांचा करण्यात आला आणि प्रत्येक तुकडा अवकाशात गेल्यावरही सरकवता व वळवता येईल, अशी यंत्रणा त्यामागे बसवली गेली. २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या प्रचंड निर्वात कक्षात दुर्बीण व उपकरणे एकत्र ठेवून अतिशीत तापमानात सुमारे तीन महिने त्यांची चाचणी घेण्यात आली. प्रकल्पाचा खर्च आणि विलंब यांवर तेव्हा टीका होत होती, तरीही प्रकाशीय चाचणी वगळण्यात आली नाही.